ऐनाच्या शेंड्यावर कोण राहतं

यवतमाळ जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं मला निघण्याआधी गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं. आम्ही कोल्हापूरकर फिरायला निघालो तर कोकणात उतरतो, फार तर गोव्यापर्यंत जातो. मी सांगितलं, झाडांच्या शेंड्यांवरचे किडे पाहायला चालले आहे. त्यावर समोरच्या वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यात कौतुक नव्हतं, दया होती. बासष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारी, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, आणि हिला झाडावर चढायचंय! चढणारा माणूस तिकडे ठरलेला आहे, मी फक्त खाली उभी राहणार, हे समजावत बसायला मला वेळ नव्हता.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वैशाली राठोड ही माझी जुनी विद्यार्थिनी. दिग्रसजवळच्या तांड्यातली मुलगी, एम.एस्सी.साठी कोल्हापूरच्या वसतिगृहात राहिली आणि दोन वर्षं माझं डोकं खाऊन गेली. आता ती तिकडच्याच विद्यापीठात पीएच.डी. करते. तिचा विषय सांगायला सोपा आहे: जंगलात झाडांच्या जाती जास्त असल्या तर वरच्या पालवीत किड्यांच्या जातीही जास्त असतात का, आणि एकट्या सागाची लागवड केली तर काय होतं? पहिली दोन वर्षं उत्तर सरळ आलं. मिश्र रानात किड्यांच्या जाती भरपूर, पण एकेका जातीची डोकी थोडी. सागात जाती चार-दोन आणि त्यांची मात्र झुंबड. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, गाडी रुळावरून घसरली. माणूस शेंड्यावर चढून फांद्यांना काठीचे फटके मारतो आणि खालच्या चादरीवर पडतील ते किडे वैशाली मोजते; यंदा मिश्र रानातल्या झाडांवरून जवळजवळ काही पडेनाच.

तिच्या मार्गदर्शकांनी सल्ला दिला की यंदाचे आकडे गाळून टाका, दोन वर्षांवर प्रबंध होतो. तिनं मला फोन करून विचारलं, "मॅडम, गाळू का?" मी म्हटलं, "मी येते." याला उत्तर म्हणत नाहीत हे मलाही कळत होतं. पण "हो" म्हणायची मला लाज वाटत होती आणि "नाही" म्हणायची भीती. तीन वर्षं ती मुलगी रानात तंगडतोड करत होती आणि तिची शिष्यवृत्ती या वर्षाअखेर संपत होती.

दिग्रस

पश्चिमेकडून येणाऱ्याला दिग्रस आधी लागतं, म्हणून पहिला मुक्काम वैशालीच्या घरी. ऑक्टोबरची सुरुवात होती. जिनिंगची आवारं अजून रिकामी होती, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला लागली होती आणि सोयाबीनची मळणी चालू असल्यामुळे हवेत भुसा उडत होता. आमच्याकडे या दिवसांत ऊस डोक्याच्या वर जातो आणि शेत दिसेनासं होतं. इथे शेतं कमरेएवढी, त्यामुळे नजर पार टेकडीपर्यंत पोचते. मला ते मोकळं वाटलं.

वैशालीच्या आईनं, रुखमाबाईंनी, मला दारातच पाणी दिलं आणि आत नेऊन पाटावर बसवलं. मायलेकी आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत आणि माझ्याकडे वळल्या की मराठीत. ज्वारीच्या भाकरीला या घरात बाटी म्हणतात. सोबत अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी कोल्हापूरची, ठेच्याचं मला काय सांगता, अशा थाटात मी मोठा घास घेतला. पुढची पाच मिनिटं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रुखमाबाई शांतपणे गूळ शोधत होत्या.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या पूर्वजांनी बैलांवर मीठ वाह्यलं, धान्य वाह्यलं. हे पोरगी बाटल्यांत किडे घालून वाहून नेते. लोक विचारतात तं मी सांगतो, तेही मोलाचंच असन. असन ना, मॅडम?"

मी "असणारच" म्हटलं. वैशाली ताटं उचलून मागे गेली. मागल्या दारी भांडी घासताना तिनं मला हळूच सांगितलं की तिला झाडावर चढणाऱ्या माणसाचा संशय येतोय. पहिली दोन वर्षं चढणारा मुलगा जिनिंगमध्ये कामाला लागला, म्हणून यंदा तिनं लेतूजी टेकाम नावाच्या कोलाम आदिवासी माणसाला घेतलं होतं. मध काढणारे, साठीला आलेले, तिथल्या रानात त्यांच्यासारखा चढणारा दुसरा नाही असं सगळे म्हणतात. कदाचित ते वर जाऊन नीट काठी मारतच नसतील, असं ती म्हणाली आणि लगेच म्हणाली की असं बोलायला नको होतं.

मारेगावच्या वाटेवर

यवतमाळच्या बसस्टँडसमोर आम्ही तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर तिखट रस्सा ओतून खायची ही रीत मी आधी नाक मुरडून पाहिली आणि मग दुसरी प्लेट मागवली. हे मी कोल्हापुरात कुणाला सांगितलेलं नाही.

वैशालीचं रान मारेगावच्या पुढे. तिथल्या एका गावात सुमनकाकू नावाच्या शेतकरी बाईंच्या घरी ती भाड्यानं राहते. कपाशी आणि तूर, दोन बैल, अंगणात स्कूटी. काकूंनी माझ्यासाठी पलंग ओसरीत टाकला होता आणि माझ्या गुडघ्यांची हकीकत त्यांना आधीच माहीत होती. किड्यांसाठी कुणी कोल्हापूरहून येतं यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या मते किडा हा फार मोठा विषय आहे. कपाशी पेरणाऱ्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवरून रानाकडे निघालो. रात्री पावसाची सर येऊन गेली होती. गाडीवाटेच्या काळ्या मातीत स्कूटीचं पुढचं चाक डावीकडे गेलं, मागचं उजवीकडे, आणि मी मधल्या मधे बसकण मारली. लागलं नाही, पण साडीला दोन किलो माती चिकटली. कोल्हापूरची काळी मातीही चिकट असते, पण ती इतकी जीव लावत नाही. मी तिथेच जाहीर केलं की उद्यापासून मी चालत येईन.

आधी सागाच्या लागवडीत गेलो. एकाच वयाची, एकाच उंचीची झाडं रांगेत उभी. पानांकडे पाहून वाईट वाटलं. अळ्यांनी मधला गर खाऊन नुसत्या शिरा ठेवल्या होत्या, सगळ्या पानांची जाळी झाली होती आणि डोक्यावर सावली अशी नव्हतीच. लेतूजी तिथे आधीच पोचलेले. सडपातळ, पांढऱ्या मिशीचे, खांद्यावर दोर, कमरेला कुऱ्हाड. त्यांनी मला "राम राम, बाई" केलं आणि खारीसारखे वर गेले. आम्ही खाली पांढरी चादर पसरली. वरून काठीचे फटके बसले आणि चादरीवर अळ्यांचा सडा पडला. शेकड्यांनी, पण सगळ्या दोन जातींच्या. वैशाली एकेक मोजत राहिली.

मग नाल्यापलीकडच्या मिश्र रानात गेलो. इथे ऐन, धावडा, मोह, तेंदू, बेहडा, बिजा, सगळी उंचसखल एकमेकांत घुसलेली. सागाच्या रांगांतून इथे आलं की अंगाला गारवा लागतो. आम्ही सागातल्या अळ्या मोजत होतो तोवर लेतूजी पुढे निघून आले होते आणि धावड्याखाली विझलेल्या धुनीशेजारी बसून होते; बिडीसाठी पेटवली असेल असं मला वाटलं. आम्ही चादर पसरली, ते वर गेले. मी मुद्दाम त्यांच्यावर नजर ठेवून होते. ते पार शेंड्याच्या फांदीपर्यंत गेले, मन लावून फटके मारले. संशयाला जागाच नव्हती. चादरीवर पडले आठ-दहा किडे आणि पाचोळा.

वैशाली चादरीपाशी वाकली. तिनं ते आठ-दहा किडे बाटलीत घातले, चिठ्ठी लिहिली, चादर झटकून घडी केली. रात्री जेवताना तिनं पुन्हा तेच विचारलं, गाळू का. मी म्हटलं, उद्या बोलू. मला स्वतःचा राग आला होता. वर्गात "जे दिसेल ते लिहा" असं मी हजार वेळा सांगितलं असेल, आणि आता माझ्याच विद्यार्थिनीला ते एकदा सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

येनाखाली

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी अंगणात चपला घालून तयार होते. लेतूजी आपल्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, सुमनकाकूंच्या दारावरूनच रानाकडे जात. मी त्यांच्यासोबत निघाले. वैशाली चादरी, बाटल्या आणि डबा घेऊन स्कूटीनं मागून येणार होती. मला चालायला वेळ लागतो म्हणून ते दर थोड्या वेळानं उगाच थांबून एखादं झाड दाखवत. मला थकल्यासारखं वाटू नये म्हणून ते तसं करत होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. ऐनाला ते येन म्हणत. मोहाच्या झाडाजवळून जाताना, देवळाजवळून जावं तसा, आवाज खाली आणत.

आज पाळी एका मोठ्या ऐनाची होती. बुंध्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. मी बूड टेकायला दगड शोधत होते, तेवढ्यात लेतूजी म्हणाले, "बाई, तुम्ही बसा जराशा. मी अगोदर सांगून येतो."

मी विचारलं, कुणाला?

"वर राह्यतात त्यांले."

त्यांनी ओला पाला गोळा केला, बुंध्याशी लहानशी धुनी पेटवली, आणि धूर वर चढू लागला तशी कुऱ्हाडीची बोथट बाजू खोडावर आपटली. धाड, धाड, धाड. थोडं थांबले, पलीकडून जाऊन पुन्हा आपटली. मग खालची एक फांदी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. वरून काहीतरी टपटप पडलं. एक गांधीलमाशी गेली, माश्यांचा एक थवा गेला, पानाएवढं एक फुलपाखरू डगमगत धावड्याकडे गेलं. माझ्या पायाशी पाचोळ्यात एक हिरवा भुंगेरा पाय मिटून उताणा पडला होता. भुंगेऱ्यांची ही जुनी खोड: झाडाला धक्का बसला की अंग सोडून द्यायचं आणि मेल्याचं सोंग करायचं. मी वाकून पाहिलं. त्याच्या शेजारी सोंडे होते, तुडतुडे होते, दोन जातींचे कोळी होते, एक काडीकिडा होता. मी पाहत असतानाच ते सोंग टाकून एकेक करून पाचोळ्याखाली निघून गेले.

मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं की हे तुम्ही रोज करता का.

"रोज. आमच्या बापानं मोहोळ काढाले नेलतं, तवाच शिकवलं. सांगतल्याबिगर चढाचं नाही. मोहोळ असन, साप असन, पाखराचं घरटं असन. ज्याले सरकाचं तो सरकते. मंग आपण चढाचं."

मी विचारलं, सागाला का नाही सांगत? काल तर तुम्ही तसेच वर गेलात.

ते हसले. "सागाले काहून सांगाचं, बाई? तिथं राह्यते कोण? अळ्या. त्याईचं ना घर ना दार. हा येन म्हंजे भरलेलं गाव हाय. आपण कोणाच्या घरी जातो तं कडी वाजवतो का नाही?"

मी दगडावर बसले. तीन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर या माणसाला केव्हापासून ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच तो दर वेळी, आम्ही चादर घेऊन यायच्या आत, ते गाव रिकामं करून ठेवत होता. पहिल्या दोन वर्षांचा मुलगा मध काढणारा नव्हता. तो कुणालाही न सांगता सरसर चढत असणार. कुणी लबाडी केली नव्हती, कुणी कामचुकारपणा केला नव्हता. उलट यंदाचं काम जरा जास्तच नीट झालं होतं.

वैशाली आली. मी तिला सगळं जसं पाहिलं तसं सांगितलं आणि विझत आलेली धुनी दाखवली. तिनं हातातल्या चादरी खाली टाकल्या, त्यांच्यावरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. लेतूजी घाबरले. आपल्या हातून काही चुकलं का, असं ते मला विचारत राहिले, आणि मला "हो"ही म्हणवेना आणि "नाही"ही.

शेवटी वैशालीनंच डोळे पुसले आणि त्यांना सांगितलं, "काका, मी तुमच्यावर संशय घेतलता. मले वाटे, तुम्ही बरोबर मारतच नाही."

लेतूजी खांद्यावरचा दोर सारखा करू लागले. "मंग विचाराचं ना, पोरी," एवढंच ते म्हणाले. ते त्यांच्या मनाला लागलं होतं, पण त्यांनी ते वाढवलं नाही. विचारायचं होतं हे खरंच होतं. तिच्याकडे झाडांच्या नोंदी होत्या, पावसाच्या, उंचीच्या, पानांच्या. चढणारा माणूस चढण्याआधी काय करतो, हा रकाना तेवढा नव्हता. तो असावा असं शिकवायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

सरकारी सागाला निरोप

आता पेच असा की लेतूजी सांगितल्याशिवाय चढणार नव्हते. पंधरा दिवसांत पानगळीच्या आधीची शेवटची फेरी करायची होती आणि दुसरा चढणारा मिळण्यासारखा नव्हता. मी माझ्या मास्तरकीच्या सवयीनं त्यांना विज्ञान समजावू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं की बिनसांगता मी चढणार नाही, बाई.

वैशालीनं मला थांबवलं. तिनं त्यांना फक्त इतकंच विचारलं की निरोप चढायच्या किती आधी दिला तर चालतो.

लेतूजींनी मिशीवरून हात फिरवला. हा प्रश्न त्यांना आवडला. पाहुणा यायचा असेल तर आपण दोन दिवस आधी कळवतोच, ते म्हणाले. दोन दिवस आधी सांगितलं तरी ते सांगणंच झालं. धुराची गरज फक्त मोहोळ असेल तर, आणि मोहोळ असलेलं झाड वैशालीनं घेतलेलंच नव्हतं. म्हणजे आज ठोकायचं आणि परवा चढायचं. दोन रात्रींत पडलेले पुन्हा चढून जातील, उडालेले परततील. वैशालीनं वहीत तसं लिहून घेतलं.

मी एक अट घातली. ऐनाला निरोप, तर सागालाही निरोप. नाही तर तुलना खरी होणार नाही. हे ऐकून लेतूजींचा चेहरा पडला. सागाच्या रांगेत उभं राहून, जाळी झालेल्या पानांखाली, त्यांनी कुऱ्हाड आपटली खरी, पण आधी चारी बाजूंना पाहून घेतलं, कोणी ओळखीचं तर नाही ना. "अळ्यांनो, आम्ही परवा येतो," असं ते पुटपुटले. वैशाली इतकी हसली की तिच्या हातची वही पडली. चार दिवसांत मी तिला पहिल्यांदाच असं मोकळं हसताना पाहत होते.

त्या संध्याकाळी सुमनकाकूंनी अंगणात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. आमच्याकडे रोडगा हा प्रकार नाही, आणि नसल्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. मी तीन खाल्ले. जेवताना वैशालीनं स्वतःहून सांगितलं की यंदाचे आकडे ती गाळणार नाही. ते जसे आले तसे प्रबंधात जातील, ते तसे का आले हेही जाईल, आणि लेतूजींना विचारून त्यांचं नावही जाईल. मार्गदर्शकांना पटेल तेव्हा पटेल. ती मला विचारत नव्हती, सांगत होती. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही एकाच वेळी त्या मोठ्या ऐनाखाली पोचलो. पुढची झाडं ती दोघं करणार होती. माझी बस दुपारची होती. धुनी नाही, ठोकणं नाही. चादर पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. लेतूजी दोराला धरून वर गेले आणि पानांत दिसेनासे झाले. मला भीती वाटत होती. समजा आजही काही पडलं नाही, तर ऐनाखाली मी जे शोधलं म्हणून मिरवत होते ते सगळं वाऱ्यावर जाणार होतं आणि ही पोर पुन्हा होती तिथेच येणार होती.

पहिला फटका बसला. चादरीवर टपटप आवाज सुरू झाला आणि थांबेचना. हिरवे भुंगेरे, तपकिरी सोंडे, पारदर्शक पंखांचे तुडतुडे, पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या, कोळी, नाकतोडे, एक टिचभर काडीकिडा, आणि मी तीस वर्षं शिकवूनही ओळखू न शकलेले कितीतरी. एकेका जातीचे दोन, तीन, एखादा. वैशाली चादरीभोवती गुडघ्यांवर सरकत होती, मोजत होती, चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. गुडघे विसरून मी तिच्याशेजारी मातीत बसले.

पानांतून लेतूजींचा आवाज आला. "पोरी, पडलं का काही?"

वैशालीनं मान वर केली. तिच्या दंडावर एक भुंगेरा चढत होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"सगळे घरीच होते, काका," ती म्हणाली.